चाळणी

वाशीम जिल्ह्यातल्या एका बाजारगावात एक म्हातारे मापाडी होते. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला, त्याच्याही आधीपासून ते काट्यावर उभे. त्यांचा नातू कॉम्प्युटर शिकून आला. सोयाबीनच्या हंगामात लांबच्या गावांना भाव घरबसल्या कळावेत म्हणून त्यानं एक प्रोग्राम लिहिला. अडत्याचा मुनीम दिवसभराच्या नोंदी फाईलीत भरायचा: शेतमाल, आवक, दर्जा, दर. प्रोग्राम ती फाईल वाचायचा, प्रत्येक नोंदीच्या मागंपुढं एचटीएमएलचे टॅग जोडायचा, आणि संध्याकाळी भावाचं पान तयार.

एकदा दर्जाचा रकाना कोरा निघाला. दर होते, दर्जा नव्हता. दुसऱ्या दिवशी मानोऱ्याकडचा एक शेतकरी वरचा दर पाहून ओलं सोयाबीन गाडीत भरून घेऊन आला. भाव खालचा मिळाला, गाडीभाडं अंगावर पडलं. "पानावर तं हाच भाव होता," तो म्हणत राहिला, आणि ते खरंच होतं.

पोरानं फाईल उघडली. मुनीम बदलला होता. नवा मुनीम दर्जा इंग्रजी अक्षरात आणि कोनी कंसात लिहायचा: <ए>, <बी>, <सी>. या < खुणेला लागून इंग्रजी अक्षर आलं की ब्राउझर त्याला टॅग समजतो. त्यानं 'ए' म्हणजे दुवा धरला, 'बी' म्हणजे ठळक अक्षर, आणि 'सी' हा त्याच्या ओळखीचा टॅगच नव्हता. तिन्ही त्यानं गिळले, दाखवलं काहीच नाही.

"आबा, चूक मुनिमाची हाय. त्यानं असं लिहाले नाई पाह्यजे होतं," पोरगा चिडून म्हणाला.

आबांनी नुकतंच उतरलेलं एक पोतं चाळणीवर ओतायला लावलं. खाली माती पडली, काडीकचरा पडला, फुटके दाणे पडले. "हे पोतं आपल्या सोयऱ्याचं हाय. तरी चाळलं. माती कोनी मुद्दाम घालत नाई, खळ्यावरून येतेच ते. माल कोनाचाबी असो, चाळल्याशिवाय काट्यावर घेऊ नको. तुह्या पानाले चाळनी कुठी हाय?"

पोरगा रात्री कामाला बसला. टॅग त्याचे स्वतःचे होते, नोंदी बाहेरच्या, आणि त्यानं दोन्ही एकाच ओळीत तसेच्या तसे जोडले होते. आता बाहेरून आलेल्या मजकुरातल्या &, < आणि > या खुणा त्यांच्या सांकेतिक पर्यायांनी बदलायच्या होत्या. यात क्रम सांभाळावा लागतो. प्रत्येक पर्यायाची सुरुवातच & नं होते, म्हणून & आधी बदलायचा; तो शेवटी बदलला तर आधीचे पर्यायच बिघडतात आणि पानावर भलतीच अक्षरं उमटतात. पहाटे पान निघालं तेव्हा दर्जा कंसासकट जागेवर होता.

या वाटेनं मातीच येते असं नाही, विषही येतं. ऑक्टोबर 2005 मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर एका तरुणानं आपल्या प्रोफाइलमध्ये प्रोग्राम घुसवला. तिथं चाळणी होती, पण ती फाटकी होती. एका दिवसाच्या आत तो दहा लाखांहून अधिक प्रोफाइलांवर पसरला.

तुम्हीही प्रोग्राममधून पान काढत असाल तर चाळणी स्वतः विणत बसू नका. पायथनमध्ये एस्केप, पीएचपीमध्ये एचटीएमएलस्पेशलचार्स ही फंक्शनं तयार मिळतात. आजच एका नोंदीत कोनी कंसातलं इंग्रजी अक्षर भरा आणि पान काढून पाहा. अक्षर दिसलं नाही, तर तेवढी दुरुस्ती झाल्याशिवाय ते पान शेतकऱ्यापुढं ठेवू नका.