मनाचा अधिकार कुठवर

चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत म्हैसूरमध्ये आरोग्याशी नाते असलेल्या दोन संस्था निघाल्या आणि त्या अगदी वेगळ्या विचारांवर उभ्या होत्या. महाराजांची बहीण राजकन्या कृष्णाजम्मण्णी क्षयाने गेली. तिच्या नावाने १९२१ साली क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम सुरू झाले. पुढे १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्यात तिरुमलै कृष्णमाचार्यांची योगशाळा भरू लागली. क्षय जंतूमुळे होतो आणि तो जंतू रोग्याच्या स्वभावाची किंवा श्रद्धेची विचारपूस करत नाही, हा सॅनेटोरियममागचा विचार. श्वास, देह आणि चित्त एकमेकांत गुंतलेले आहेत, एकाला हात लावला की दुसरे हलते, हा योगशाळेमागचा. एकाच दरबाराच्या पैशातून दोन्ही चालत होते, यात कुणाला दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची वृत्ती दिसेल. मला त्यात शहाणपण दिसते. मन देहाला बरे करते का, या प्रश्नाचे उत्तर या दोन संस्था शेजारी ठेवल्यावाचून सापडत नाही. हा प्रश्न नुसता वैद्यकाचाही नाही. मन बरे करते असे एकदा मानले की जो बरा झाला नाही त्याच्या मनात खोट होती, हे त्यामागोमाग येते. आणि आजाऱ्याच्या पदरी दोष घालण्याचे काम धर्माच्या नावाने फार सहज होते.

मनाच्या सामर्थ्याचा सगळ्यात मोठा दावाही म्हैसूरच्या या गुरूंच्या नावाशी जोडला गेला आहे. १९३५ साली थेरेझ ब्रोस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ उपकरणे घेऊन भारतात आल्या आणि त्यांनी योग्यांच्या नाडीचे, श्वासाचे, हृदयाचे आलेख घेतले. त्यांनी तपासलेल्यांत कृष्णमाचार्य होते. हृदयाच्या आलेखातले उंचवटे मावळत जातात अशी नोंद ब्रोस यांनी केली आणि योगी इच्छामात्रे हृदय थांबवतो ही गोष्ट जगभर पसरली. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन संशोधक भारतात हिंडले, दिल्लीचे डॉ. आनंद त्यांच्याबरोबर कामाला होते. त्यांचा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांची मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होई, नळीतून ठोके ऐकू येत नसत, पण विद्युत्आलेखात हृदय चालूच असे. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि ठोक्यांचा जोर व आवाज घटतो, असे त्यामागचे कारण निघाले. या निष्कर्षाने योगाचे नाक कापले गेले असे मानणारे होते आणि आहेत. मला वाटते, त्यांच्या हातून महत्त्वाची गोष्ट निसटली. नाडी खरोखरच नाहीशी होत होती, पण मनाने तिला हुकूम केला म्हणून नव्हे. ज्या स्नायूंवर आणि श्वासावर आपली सत्ता चालते, त्यांच्या वाटेने, जिथे सत्ता चालत नाही तिथवर पोचता येत होते. वाट देहातून जात होती.

हे लोणावळ्यात आधीच कळू लागले होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. त्यांनी उड्डियान व नौली या पोटाच्या यौगिक क्रिया क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो हे दाखवले. १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणीच्या दौऱ्यात गांधीजी रक्तदाबाने आजारी पडले आणि विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकड्यांवर गेले, तेव्हा आसनांविषयी त्यांनी सल्ला घेतला तो कुवलयानंदांचा. म्हैसूर दरबारानेही कृष्णमाचार्यांना लोणावळ्याचे काम पाहायला धाडले होते. चमत्कार दाखवण्यापेक्षा दाब मोजण्यात ज्याला गोडी होती असा हा योगी मराठी मुलखात काम करत होता, याचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

मग मनाचे म्हणून काही उरते का? उरते, आणि ते ठाम पुराव्याने उरते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांना औषध नसलेले द्रव टोचले. काहींच्या वेदना कमी झाल्या. मग त्यांना नॅलॉक्झोन दिले, जे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखते, तेव्हा वेदना परत वाढल्या. म्हणजे ‘औषध मिळाले’ या नुसत्या समजुतीने शरीराने स्वतःचे वेदनाशामक सोडले होते. त्याआधी, १९७५ मध्ये, एडर आणि कोहेन यांनी उंदरांना गोड पाण्याबरोबर प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिले. पुढे नुसत्या गोड पाण्यानेही त्यांची प्रतिकारशक्ती दबली. शिकलेली खूण रक्तातल्या पेशींपर्यंत जाऊन पोचली. यानंतर मन आणि देह ही दोन बंद दालने आहेत असे कुणाला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. पण किती आणि कुठे, हा प्रश्न उरतो. त्याचे सर्वात स्वच्छ उत्तर मला २०११ च्या एका दम्यावरील प्रयोगात दिसते. त्याच रोग्यांना आळीपाळीने खरा फवारा, खोटा फवारा, खोटे ॲक्युपंक्चर दिले आणि कधी काहीच दिले नाही. ‘किती बरे वाटले’ या प्रश्नावर पहिल्या तिन्हींना जवळपास सारखेच उत्तर आले, ४५ ते ५० टक्के. काहीच न दिल्यावर २१. पण फुप्फुसातून जोराने सोडलेली हवा मोजली तेव्हा खऱ्या फवाऱ्याने ती २० टक्क्यांनी वाढली, बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्क्यांनी. आकुंचलेल्या श्वासनळीने समजूत ऐकली नाही. श्वास कोंडल्याच्या यातनेने ऐकली.

यावर कठोर विचारवंताचा आक्षेप सरळ आहे: मग हे सगळे नुसते वाटणेच झाले. हे ‘नुसते’ मला मान्य नाही. रोगी वैद्याकडे येतो तो दुःख घेऊन. ऊतींतला बिघाड वैद्य शोधतो, तो रोग्याला दिसतही नाही. दुःख कमी होणे ही उपचाराची दुय्यम बाजू नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातल्या २४ रुग्णालयांत योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू, पुन्हा झटका यांसारख्या घटनांत ठामपणे सांगता येईल असा फरक त्यात पडला नाही. आपले आरोग्य कसे आहे याचे रुग्णांनी स्वतः दिलेले माप मात्र थोडे सुधारले आणि झटक्याआधीची रोजची कामे अधिक जणांना पुन्हा करता आली. ज्याला झटक्यानंतर जिना चढायची धास्ती वाटते त्याच्या घरी हा फरक कुणी किरकोळ म्हणणार नाही. मात्र जे देहाच्या वाटेने जाते ते कधीकधी मोजमापातही उतरते. बंगळुरूच्या नागरत्ना व नागेंद्र यांच्या १९८५ च्या अभ्यासात योगाभ्यास करणाऱ्या ५३ दमेकऱ्यांचे झटके व औषधे कमी झाली, शिवाय श्वास सोडण्याचा वेगही वाढला. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, ही त्यातली मर्यादा. तरीही श्वास रोज साधणे आणि फवाऱ्यावर विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ध्यानात यावे.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये देकार्तला विचारले की आत्म्याला आकार नाही, वस्तुमान नाही, मग तो देहाला ढकलतो कसा? देकार्तला समाधानकारक उत्तर देता आले नाही. दोन वर्षांनी ती तापाने आजारी होती तेव्हा मात्र त्याने तिला लिहिले की अशा रेंगाळणाऱ्या तापाचे नेहमीचे कारण खिन्नता असते. जोड कशी हे सांगता येत नाही, पण रोगाचे खापर मनावर फोडता येते, अशी ही स्थिती आहे आणि आजच्या ‘सकारात्मक विचारां’च्या पुस्तकांतही ती तशीच आहे. सांख्य-योगाला हा पेच पडत नाही. तिथे बुद्धी, अहंकार, मन ही सारी प्रकृतीचीच रूपे. पुरुष वेगळा, आणि तो काही करत नाही, पाहतो. मन आणि स्नायू एकाच कुळातले असतील तर एकाचा धक्का दुसऱ्याला लागणे हे गूढ राहत नाही, आणि मनाला देहावर राज्य करण्याचा अधिकारही राहत नाही. कुणी म्हणेल, मन जड ठरवले तर अर्थाला, श्रद्धेला, शब्दाला जागा कुठे? दाढदुखीच्या त्या रोग्यांना समजुतीनेच आराम पडला होता. अर्थ हा प्रकृतीतच काम करतो. तो काम करतो म्हणून प्रकृतीबाहेरचा ठरत नाही.

पतंजलींनी समाधिपादातल्या तिसाव्या सूत्रात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत आणि त्यांत पहिली व्याधी आहे. पुढच्या सूत्रात त्यांच्या सोबत्यांमध्ये मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास एका रांगेत येतात. बाण कुठून कुठे जातो ते पाहा. आजारी देह चित्ताला हलवतो. चित्त बिघडले म्हणून देह आजारी पडला, असे इथे म्हटलेले नाही. व्याधी वाटेतला अडथळा आहे, साधकाचा गुन्हा नाही.

इथे परंपरेतूनच खरा आक्षेप उभा राहतो. चरकसंहिता प्रज्ञापराधाला, म्हणजे कळत असून चुकीचे वागण्याला, रोगाचे मूळ म्हणते; कर्मसिद्धान्त तर पूर्वजन्मापर्यंत जातो. मग परंपरा रोग्यालाच दोषी धरत नाही का? काही ठिकाणी धरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात, गावेच्या गावे एकदम का मरतात या प्रश्नावर वेगळा विचार आहे: माणसांची प्रकृती, आहार, बळ, मन निरनिराळे असूनही वायू, जल, देश आणि काल सर्वांचे एक असतात, ते बिघडले की सगळे एकदम आजारी पडतात. त्यामागे अधर्म सांगितला आहे, पण तो आरंभी राज्यकर्त्यांचा. १८९८ मध्ये प्लेग म्हैसूर संस्थानात शिरला, त्याआधी पुण्या-मुंबईने तो भोगला होता. म्हैसूरने १९०३ मध्ये नगरसुधारणेसाठी विश्वस्त मंडळ नेमले, दाट वस्ती मोकळी केली, गटारे आणि रुंद रस्ते केले. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा कुणाच्या चित्तवृत्ती तपासत नव्हत्या. कृष्णाजम्मण्णीच्या घरीही भक्ती, वैद्य, पैसा यांपैकी कशाची वाण नव्हती. क्षय हा हळव्या, उत्कट स्वभावाच्या माणसांना होतो अशी समजूत युरोपात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. लेखिका सुझन सोंटॅगने १९७८ साली दाखवून दिले की औषध सापडल्यावर ती क्षयाला सोडून कर्करोगाला चिकटली. कर्करोगाबाबत या समजुतीची परीक्षाही झाली आहे. स्पीगल यांनी १९८९ मध्ये नोंदवले की आधारगटात बोलणाऱ्या, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रिया जवळपास दुप्पट काळ जगल्या. जगभर आशा निर्माण झाली. २००१ मध्ये गुडविन यांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढलेले आढळले नाही. वेदना आणि खिन्नता मात्र कमी झाल्या. पुन्हा तेच चित्र.

म्हैसूरचा अभिमानी यावर बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई आजारी असताना बेळ्ळूरला जन्म, मग हिवताप, विषमज्वर, क्षय. १९३४ मध्ये हा खंगलेला मुलगा मेहुणे कृष्णमाचार्यांकडे म्हैसूरला आला, १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला गेला, पुणेकर झाला आणि ९५ वर्षे जगला. एका आयुष्याने सिद्धान्त सिद्ध होत नाही. उपचाराविनाही काही क्षयरोगी बरे होत. पण त्यांनी पुण्यात आजारी माणसांसाठी काय केले ते पुरावा म्हणून जास्त बोलके आहे. त्यांनी रोग्याला ‘मन खंबीर कर’ असे सांगून सोडले नाही. त्यांनी दोर, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड आणले, ज्याला हात वर नेता येत नाही त्याला आधार दिला, आणि देह निवांत झाला की मन निवेल यावर भिस्त ठेवली. म्हैसूरच्या परंपरेचा खरा वारसा मला हृदय थांबवण्याच्या गोष्टीत दिसत नाही. त्या दोरांत आणि ठोकळ्यांत दिसतो.

शेवटचा आक्षेप भक्ताचा. तो म्हणेल, तुम्ही मनाविषयी बोललात. सिद्धपुरुषाचे मन वेगळे असते. मग रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले आणि रमण महर्षी १९५० मध्ये हातावरच्या दुष्ट गाठीने, शस्त्रक्रिया करून घेऊनही, गेले, याचे काय करायचे? शांत चित्ताने देह राखला जात असता तर या दोघांचा राखला गेला असता. त्यांनी ठरवले असते तर बरे झाले असते, पण त्यांनी तसे इच्छिले नाही, असे उत्तर मिळते. हे उत्तर कोणत्याही घटनेने खोटे पडू शकत नाही, म्हणूनच त्याच्या आधारे दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दल काहीही ठरवता येत नाही. भक्ताने ते आपल्या श्रद्धेत खुशाल बाळगावे. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला ते ऐकवण्याचा अधिकार त्याला नाही.