उसातली पिल्ले आणि आपली दया

सज्जनहो, तुकोबारायांच्या पालखीबरोबर आम्ही वरवंडच्या मुक्कामी होतो. तेथे दौंड तालुक्यातला एक माळकरी शेतकरी जवळ येऊन बसला. म्हणाला, "माउली, गेल्या हंगामात ऊस तोडताना फडात तीन पिल्लं निघाली. मांजराचीच, पण रानातली. आई काही दिसंना. टाकून कसं यावं? घरी आणली, गाईचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी तिन्ही गेली. मी दयाच केली ना? मग जिवाला टोचणी का?"

प्रश्न लहान जिवांचा, पण विचार मोठा आहे.

शिरूर-दौंडकडे लहान रानमांजरे दोन. बाऊल ही घरच्या मांजराहून मोठी, उंच पायांची, आखूड शेपटीची. वाघाटी घरच्या मांजराहूनही लहान, अंगावर तांबूस ठिपके, वजन दीड किलोच्या आसपास. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते. पूर्वी यांचा वावर माळाच्या गवतात नि ओढ्याकाठच्या झुडपांत. पुढे कालव्यांचे पाणी आले, पुष्कळ ठिकाणी माळ मोडून ऊस झाला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस म्हणजे आडोसा, आणि उंदरांचे आयते अन्न. आई तिथेच विते. कार्तिकाच्या सुमारास कोयता लागला की ते घर एका दिवसात जाते. आई पळते ती पिल्ले टाकून नव्हे, माणसांच्या गलबल्याला भिऊन. अंधार पडला की ती परत येते. आपण पिल्ले नेलेली असली तर ती रिकामी जागा हुंगत फिरते.

म्हणजे दया झाली खरी, पण आईला बाजूला सारून झाली. 'मी वाचवले' एवढे म्हणायला मिळावे, ही हौस दयेत नकळत शिरते. जिवाला उचलून आपला करणे सोपे. ज्याचे त्याला परत मिळेपर्यंत हात आवरून बसणे कठीण. आमच्या मते तीच थोर दया.

याची वाट आता ठाऊक झालेली आहे. पिल्ले दिसली की तिथली तोड थांबवावी, हात लावू नये, वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिरूर ज्या जुन्नर वनविभागात येते, तिथे वनखात्याचे लोक नि माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्ले तपासतात, आणि सांजवेळी जिथे सापडली तिथेच उघड्या पेटीत ठेवतात. माणसे लांब बसतात. आई रात्री येऊन एकेक पिल्लू मानेला धरून नेते.

पण तोड थांबली तर टोळीची मजुरी बुडते, ती तर टनावर मिळते. मग दया कोणाच्या पोटावर? ती खोटी भरून देणे मालकाचे व गावाचे काम आहे. दुसऱ्याच्या भाकरीवर केलेले पुण्य आपल्या पदरी पडत नाही.

कोणी म्हणेल, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्याने लेकरे नेली, आणि तुम्ही मांजरांचे काय सांगता? ज्या घरचे लेकरू गेले त्या घरी दयेचा उपदेश करायला आमची जीभ रेटत नाही. त्यांना बंदोबस्त हवा, आणि तो मिळालाच पाहिजे. पण बाऊलीच्या पिल्लाच्या अंगावरचे पट्टे पाहून, बिबट्याचे म्हणून त्याला दगड घालणे, हा न्याय नव्हे. एकाचा राग दुसऱ्यावर काढला तर गेलेले लेकरू परत येत नाही, आपला हात मात्र विटाळतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही या मांजरांना संरक्षण दिलेले आहे. पण माळकऱ्याला कायद्याच्या धाकाची गरज का पडावी?

त्या शेतकऱ्याला आम्ही म्हणालो, "बाबा, तुझी टोचणी हीच तुझी दया. नेणतेपणी झाले ते झाले. आता जाणतेपणाचा भार तुझ्यावर आला. पुढच्या हंगामात फडातला तेवढा तुकडा एक रात्र उभा ठेव, आणि टोळीला त्याचे कारण सांग."

तो पाया पडला व दिंडीत मिसळला. त्याचा प्रश्न मात्र आम्ही तुमच्यापाशी ठेवतो. तोड लागेल तेव्हा आठवावा. रामकृष्णहरी.