म्हातारींचे ऋण

आप्तसंबंध हे बंधनाचे मूळ होय, असे परमार्गात निरूपण आहे. स्वदेश सोडावा, स्वग्राम सोडावा आणि त्यांहूनही विशेषेकरून स्वजनांचा संबंध सोडावा, ही श्रीचक्रधरस्वामींची आज्ञा प्रत्येक अनुसरलेल्याच्या ध्यानी असते. मग जिच्या मांडीवर बसून पहिल्यांदा श्रीप्रभूंचे नाव ऐकले, त्या मातेचे अथवा आजीचे देहावसान झाल्यावर तिची आठवण काढावी की काढू नये? वासनिकांच्या घरी हा प्रश्न पुनःपुन्हा उद्भवतो. मार्गात श्राद्धपिंडाला स्थान नाही. तसबिरीला हार घालून तिच्यापुढे दिवा लावणे म्हणजे जीवाला परमेश्वराच्या जागी बसविणे होय, तेही अनुचित. तर मग ऋण फेडावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम लीळाचरित्राकडे वळावे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात स्त्रियांचा वावर किती आहे, हे वाचकाच्या सहज ध्यानात येते. बाइसांवाचून स्वामींचा पूजावसर नाही की आरोगणा नाही. स्वामींना काय रुचेल, कोठे पहुड होईल, कोणी अवेळी येऊन त्रास तर देणार नाही ना, ही चिंता त्या आईच्या मायेने वाहतात आणि स्वामींना 'बाबा' अशी हाक मारतात. श्रीनागदेवाचार्यांच्या मातोश्री आबाइसा आणि भगिनी उमाइसा याही स्वामींच्या सन्निधानी आहेत. आचार्यांच्या चुलत भगिनी महदाइसा तर प्रश्न विचारता थकत नाहीत. स्वामी त्यांना कौतुकाने म्हातारी म्हणत आणि त्यांच्या जिज्ञासेची वाखाणणी करीत. पुढे ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी याच महदाइसांनी धवळे गायिले आणि मराठीची आद्य कवयित्री हा मान त्यांना लाभला.

आता विचार करावा. म्हाइंभटांनी या स्त्रियांची आठवण का जतन केली? त्या कोणाच्या माता, कोणाच्या भगिनी होत्या म्हणून नव्हे. त्यांची प्रत्येक कृती परमेश्वराच्या लीळेला जोडलेली आहे म्हणून. बाइसा आठवल्या की स्वामींची आरोगणा आठवते. महदाइसा आठवल्या की त्यांच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आठवते. जे स्मरण जीवापाशी थांबते तो मोह; जे जीवावरून परमेश्वराकडे जाते ते साधन. आईच्या आठवणीने डोळे भरून येणे हा देहाचा धर्म आहे, त्यात दोष नाही. परंतु त्या आठवणीने हात स्मरणीकडे जावा, एवढी अपेक्षा आहे.

दुसरा प्रसंग स्मृतिस्थळातील आहे. केशिराजबास हे संस्कृताचे थोर पंडित. ते संस्कृतात रचना करू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. कारण एकच : त्या भाषेमुळे मार्गातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील. केवढा हा विचार! पंडितांच्या सोयीसाठी नव्हे, तर पाठशाळेचे तोंडही न पाहिलेल्या वृद्ध स्त्रियांसाठी एका शास्त्राची भाषा ठरली. सूत्रपाठ, दृष्टांतपाठ आणि पुढील बहुतेक ग्रंथभांडार मराठीत राहिला, तो या म्हाताऱ्यांच्या पुण्याईने.

आज मात्र हेच चित्र उलटे झालेले दिसते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रबाळे हे गाव घ्यावे. पूर्वी हे आगरी-कोळी वस्तीचे गाव. पुढे भोवती औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आकाराला आली. आता ऐरोली आणि घणसोली यांच्यामध्ये रबाळ्याचे रेल्वे स्थानक आहे. अशा ठिकाणी विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथून पोटासाठी आलेल्या कुटुंबांत एखादी उपदेशी आजी असते. मुलगा रात्रपाळीहून परतण्याच्या वेळी ती दोन खणांच्या घरात भिंतीशी बसून नामस्मरण करीत असते. गावाकडचा आश्रम दूर राहिला, स्थानवंदनाला जाणे वर्षातून एकदाही घडेना; तरी स्मरणाचा नेम तिने मोडलेला नसतो. दारी भिक्षुक आला तर घासातील घास काढून देणे तिला कोणी शिकवावे लागत नाही. नातू मात्र इंग्रजी शाळेत जातो. आजीच्या तोंडचे 'उपहार', 'पहुड', 'सन्निधान' हे शब्द त्याला परके वाटतात.

तेव्हा म्हाताऱ्या वंचित होऊ नयेत ही आचार्यांना चिंता होती; आज म्हातारीला सारे ठाऊक आहे आणि नातू वंचित होत आहे. दोष नातवाचा नाही. आजीच्या स्मरणाचे फळ आजीचे. ते वारसाहक्काने नातवाला मिळत नाही. ज्याचे त्याने करावे, हाच कर्माचा न्याय. आजी देऊ शकते ती केवळ ओळख. ती ओळख करून घेण्याआधीच आजी गेली, तर घरात पोथी राहते, पण ती वाचणारा राहत नाही.

येथे दृष्टांतपाठातील कठियाचे उदाहरण मननीय आहे. कठिया देवळाची झाडलोट भक्तीने करीत असे. लोकांनी त्याची वाखाणणी केली, जेवू घातले. आणि हळूहळू त्याची दृष्टी देवावरून त्या जेवणाकडे वळली. काम तेच, हात तेच. परंतु सेवा नासली. घरातील माउलीच्या सेवेला अशी वाखाणणी कधी लाभत नाही. चाळीस-पन्नास वर्षे तिने काय केले, याची नोंद कोणी ठेवीत नाही. म्हणूनच ती सेवा बहुधा निर्मळ राहते. तिच्या पश्चात मोठ्या पंगती उठवून, नावाचे फलक लावून तिचा गौरव करणाऱ्याने हा दृष्टांत एकदा आठवावा. जे तिने स्वतः कधी इच्छिले नाही, ते तिच्या नावाने का करावे?

तर ऋण फेडण्याचा मार्ग असा. आजी हयात असेल तर रोज घटकाभर तिच्याजवळ बसावे आणि एक लीळा तिच्या तोंडून ऐकावी; न कळणारा शब्द तिलाच विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. महदाइसांनी आयुष्यभर तेच केले. ती गेली असेल तर तिच्या स्मरणाची वेळ घरात रिकामी पडू देऊ नये. त्या वेळी कोणीतरी बसावे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चारही साधनांशी तिने राखलेला संबंध तिच्याबरोबर तुटू देऊ नये. आणि भिक्षुकांनीही एक ध्यानी धरावे : आचार्यांनी म्हाताऱ्यांसाठी जी भाषा राखली, तिचा अर्थ आज लेकरांना सोपा करून सांगणे हे आचार्यांच्याच आज्ञेचे पालन आहे.

मातेचा देह गेला, तो जाणारच होता. तिने ज्याचे नाव घेतले तो परमेश्वर नित्य आहे. त्याचे नाव लेकराच्या मुखी आले, की म्हातारींचे ऋण फिटण्यास प्रारंभ झाला असे समजावे.