विरारच्या पुढे, सावकाश

वहीचं एक कोरं पान घ्या.

उभं धरा. आपली गाडी दक्षिणेकडून उत्तरेला जाणार आहे, म्हणून कागदावर ती खालून वर जाईल.

लिहू नका अजून. नुसतं पाहा त्या पानाकडे.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो.

आता एक रेघ ओढा. खालून वर. पट्टी नको. हात जसा जाईल तसा जाऊ द्या.

ही रेघ जुनी आहे. १८६४ साली मुंबई आणि गुजरात तिनं एकमेकांना जोडले. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे असं तिचं लांबलचक नाव होतं, लोक बी.बी.सी.आय. म्हणत. त्याआधी या किनाऱ्यानं माणसं गलबतांतून जात, वाऱ्याची वाट पाहत.

तुमच्याकडे चौदा दिवस आहेत.

एवढ्या दिवसांत माणसं इटली पाहून येतात. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मधे टस्कनीच्या टेकड्या. सुंदर बेत आहे तो. तिथे एक गाडी मिलानहून रोमला साधारण तीन तासांत नेऊन सोडते. दुसरी एक आहे, रेजिओनाले. ती लहान लहान स्टेशनांवर उभी राहत जाते. त्या दुसऱ्या गाडीचा धीर मला इथे हवा आहे. विरार ते घोलवड.

रेघेवर ठिपके द्या. एकेक नाव हळू उच्चारा.

वैतरणा.

सफाळे.

केळवे रोड.

पालघर.

उमरोळी.

बोईसर.

वाणगाव.

डहाणू रोड.

घोलवड.

पुन्हा एकदा म्हणा. प्रत्येक नावानंतर एक श्वास.

२०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली. घोलवडला ती जात नाही. शेवटच्या ठिपक्यासाठी वलसाडकडे जाणारी पॅसेंजर धरायची. विरारहून डहाणू लोकलनं दीड तासाच्या आत-बाहेर. त्या अंतराला चौदा दिवस द्यायचे, हे मनाला पटत नसेल. नसू दे. रेघेकडे पाहत राहा.

डोळे मिटा.

डबा हलतो आहे. खिडकीचे गज थंड आहेत. वैतरणा मागे पडतं आणि रुळांचा आवाज बदलतो. पोकळ होतो. खाली पाणी आलं.

खाडी रुंद आहे. कडेला तिवरं, त्यांच्या मुळांशी ओला चिखल, चिखलावर एक बगळा.

दोन पुलांच्या मधे वाढीव नावाचं गाव आहे, चारी बाजूंनी पाणी असलेलं. तिथली माणसं स्टेशन गाठायला या पुलाच्या कडेनं चालत आली आहेत, वर्षानुवर्षं. म्हणून खिडकीतून काही टाकू नका. नारळ नाही, निर्माल्याची पिशवीही नाही. कडेनं कुणीतरी चालत असेल.

त्या चालणाऱ्या पावलांपाशी थोडं थांबा.

मग गाडी पुन्हा जमिनीवर येते. आवाज भरतो.

आता गाडी हळू होते आहे. आणखी हळू.

थांबते.

लहानसं स्टेशन आहे. पाटी लांब आहे, नाव वाचायची घाई नको. दारात उभा असलेला माणूस मागे वळून रूळ पाहतो. कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे, मागून मेल येते आहे. लोकल साइडिंगला घेतली आहे.

याच थांब्यात मला तुम्हाला बसवायचं आहे. बाकी बेत नंतर.

बसा.

पंख्याची घरघर ऐका. ती आधीपासून होती. आता ऐकू येते.

तिच्या पलीकडे एक कावळा आहे. त्याच्या पलीकडे, शेतात, कुणी कुणाला हाक मारतं. उत्तर येत नाही. पुन्हा हाक.

समोरच्या बाईनं टोपलीवरचं ओलं फडकं उचललं, पुन्हा नीट झाकलं. टोपलीत ताडगोळे आहेत. त्यांचा गार, कोवळा वास तुमच्यापर्यंत येतो.

श्वास आत.

श्वास बाहेर.

रोज कामावर जाणाऱ्याचा जीव या थांब्यात तुटतो. त्याला लेट मार्क लागतो, घरी वाट पाहणारी मुलं झोपून जातात. तोही इथेच आहे, तुमच्या शेजारी, मोबाइलमधलं घड्याळ पाहत. त्याच्या अस्वस्थतेलाही जवळ बसू द्या. आणि बेतात एवढं लिहा: सकाळ-संध्याकाळची गाडी नको. ती जागा त्याची आहे. आपण दुपारी निघू.

आता रुळांकडे कान द्या.

आधी एक बारीक सळसळ. लोखंडातून येणारी. मग जमिनीतून काहीतरी. मग सगळं एकदम: वारा, धूळ, निळ्या-लाल डब्यांची भिंत, खिडकीत आलेले आणि गेलेले चेहरे.

गेली.

उरलं ते ऐका.

पंखा. कावळा. ती हाक.

इथे थांबा. सिग्नल मिळेपर्यंत थांबा.

डोळे उघडा आणि कागदावर दोन ठिपक्यांच्या मधे एक लहान टिंब द्या. नाव नको. वेळ नको. बेत आखताना माणसं या टिंबाला जागा ठेवत नाहीत, आणि मग गाडी थांबली की त्यांना वाटतं, दिवस गेला.

पालघरच्या ठिपक्यावर बोट ठेवा.

उतरा. पूर्वेला काळदुर्ग दिसतो, माथ्यावर चौकोनी कातळ घेऊन. त्याला पाहून घ्या आणि मग गावात चाला, पाचबत्तीपर्यंत. १४ ऑगस्ट १९४२ ला, ‘चले जाव’च्या दिवसांत, पालघरात गोळीबार झाला. पाच जण गेले.

पाच श्वास घ्या. एकेकासाठी एक.

रहदारी चालू राहील. रिक्षा वाजतील. तुम्ही तेवढे पाच श्वास उभे राहा.

संध्याकाळी सातपाटी. होड्या बंदराला लागतात. वलांडीवर बोंबील वाळतात, खाली खाडीचं पाणी चढतं. पापलेट हातात धरून पाहा. चांदीसारखं, गार, जड. एवढंच.

उमरोळीला एक दुपार पुरे.

बोईसर.

इथे मन कुरकुरेल. सहलीच्या बेतात बोईसर कशाला, म्हणेल. मला मात्र हा ठिपका वगळून पुढे जाववत नाही.

पुलावर उभे राहा. पाळी सुटलेली माणसं जिन्यानं उतरतात. मराठी, भोजपुरी, गुजराती, ओडिया, सगळं एकाच वेळी कानावर येतं. हवेत एमआयडीसीचा तिखट वास आहे. नाक मुरडू नका. हा वास घेऊन ही माणसं रोज झोपतात.

मग एसटीनं चिंचणी-तारापूर.

तारापूरच्या किल्ल्याशी थांबा. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर इथे पडले. भिंतीला हात लावा. दगड दिवसभराच्या उन्हानं ऊन आहे.

याच किनाऱ्याला अणुशक्ती केंद्र आहे, १९६९ पासून वीज देणारं, देशातलं पहिलं. पुढे तिथे आणखी दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. माणसांना दुसरीकडे घरं मिळाली. समुद्र मिळाला नाही.

अक्करपट्टी.

पोफरण.

ही नावंही कागदावर लिहा. रेघेच्या डावीकडे, जिथे समुद्र येतो तिथे.

चिंचणीच्या वाळूत बसा. लाट येते, जाते. तुमचा श्वास तिच्यामागे जाऊ द्या. त्याला वळवू नका.

कितीही वेळ.

वाणगाव हिरवं आहे, भाजीचं. गाडीतूनच पाहा आणि पुढे चला.

डहाणूला उतरून गंजाडकडे जा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे या गावचे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठानं त्यांनी जाळं काढलं, मुंग्या काढल्या, तारप्याभोवती फिरणारी माणसं काढली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस होतो. तशा एखाद्या भिंतीसमोर उभे राहा. नाचणाऱ्यांच्या फेऱ्यात एकच माणूस निवडा. त्याच्याबरोबर डोळ्यांनी फिरा.

आणखी एक फेरा.

घोलवडला चिकूच्या वाड्या. झाडाखाली सावली दाट, जमीन गार. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्या तळहातावर मात्र एकच फळ आहे, खरबरीत, किंचित मऊ. खाऊ नका अजून. वास घ्या.

आता खा.

राहिला महिना. जून-जुलैत मासेमारी बंद असते, सातपाटीच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. गर्दी आवडत असेल तर तेव्हा या. मला विचाराल तर माघ. चिकू असतो, होड्या समुद्रात असतात, दुपारचं ऊन सोसतं. विरारहून दुपारची डहाणू लोकल धरा आणि पहिला मुक्काम सफाळ्याला ठेवा. वर तांदुळवाडीचा गड आहे, पहाटे चढायला बरा.