विरून गेलेल्या द्रव्याचे ऋण

हा देह माझा, असे आपण सहज म्हणतो. पण तो माझा कशाने, हा प्रश्न दर्शनकारांच्या वादसभेतून निघून आता शस्त्रक्रियागृहात येऊन पोहोचला आहे. 1981 साली बोस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे आयोआनिस यानास यांनी, भयंकर भाजलेल्या रुग्णांसाठी सिद्ध केलेल्या कृत्रिम त्वचेची हकिकत जाहीर केली. गुरांच्या कातड्यातून काढलेले कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेतून काढलेले कोन्ड्रॉइटिन सल्फेट यांचे मिश्रण गोठवायचे, निर्वातात त्यातील बर्फ वाफ होऊन निघून जाऊ द्यायचे, आणि बर्फाच्या स्फटिकांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहिलेला जो सच्छिद्र पडदा उरतो, त्यावर सिलिकॉनचे पातळ आवरण चढवून तो जखमेवर बसवायचा, अशी ती तजवीज होती. आवरण देहातील पाणी राखते व जंतूंना अटकाव करते. पोकळ्यांत रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या शिरून स्वतःचे कोलॅजन रचू लागतात. आणि काही आठवड्यांनी सिलिकॉन काढून तेथे रुग्णाच्याच बाह्यत्वचेचा पातळ थर लावला जातो. तोवर पडद्याचे मूळ आधारद्रव्य विरत जाते. मुदतीपूर्वी विरले तर पेशींचा आसरा जातो, मुदतीनंतर रेंगाळले तर नव्या रचनेची वाट अडते.

गाय ज्याला पूज्य, त्या हिंदूने असा पडदा अंगावर घ्यावा काय? वराहाच्या ऊतींपासून केलेले आधारद्रव्य मुसलमानाने स्वीकारावे काय? प्राणसंकटात निषेध शिथिल होतो, असे इस्लामी धर्मशास्त्र सांगते, आणि आपल्याकडे आपद्धर्माची वाट आहेच. परंतु सवलतीने प्रश्न मिटतो, सुटत नाही.

माझ्या मते देहावरील मालकी द्रव्याच्या मूळ दस्तऐवजावर ठरत नाही, ती वहिवाटीने ठरते. ज्या पेशींनी ती त्वचा विणली, राखली आणि रक्ताने पोसली, त्यांच्या धन्याचीच ती आहे, मग तिचा पहिला आधार कोठून का आलेला असेना. म्हणून असा देह भ्रष्ट झाला, असे मी मानणार नाही. परंतु द्रव्याचा अंश उरला नाही म्हणून ज्या प्राण्याचे ते द्रव्य, त्याचे देणेही फिटले, हा हिशेब मला सर्वस्वी अमान्य आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या परंपरेने, देणारा हयात आहे की नाही, यावर ऋणाचे अस्तित्व कधी अवलंबून ठेवले नाही.

हे ऋण मान्य केले की कर्तव्येही ओघाने येतात. आधारद्रव्य कोणत्या प्राण्याचे, हे संमती घेण्यापूर्वी वैद्याने रुग्णाला स्पष्ट सांगावे, आणि श्रद्धेपोटी आलेल्या नकाराला अज्ञान म्हणून हिणवू नये. संशोधकाने गरजेपलीकडे जीव घेऊ नये. आणि बरे झालेल्या माणसाने आपले आरोग्य केवळ आपल्या पुण्याईच्या खाती जमा धरू नये. ज्या प्राण्याला संमती विचारताच आली नाही, त्याच्याविषयी एवढी सचोटी बाळगणे हा माणसाच्या धर्माचाच भाग आहे.