ब्रेकवरचा पाय

चोपन्नाव्या वर्षी सुनेच्या शेजारी बसून मी निपाणीत ऑटोमॅटिक गाडी शिकते आहे. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. छातीतली धडधड तेवढी आहे. स्तवनिधीच्या दर्शनाहून परतल्यावर मैदानात 'डी' टाकला आणि ब्रेकवरचा पाय नुसता उचलला, तर गाडी आपसूक पुढं सरकली. समोर कुत्र्याचं पिल्लू! "आई, ब्रेक दाबा!" सून ओरडली. पिल्लू वाचलं.

आपण काही केलंच नाही तर हिंसा कसली, असं मी समजायचे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी मात्र हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू केली आहे. म्हणून तर मुनिमहाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात.

सुनेला घरात कुणी टाकून बोललं, की मी गप्प बसते. त्याला शांती म्हणते, बाई!

संध्याकाळी जाऊबाई चहाला यायच्या होत्या.