वायर कुणाची, वाट कुणाची?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत इंटरनेट एकाच कंपनीचं मिळतं. बाकीच्यांच्या वायरी गेटबाहेरच्या खांबापर्यंत आल्या आहेत, पण आत यायला परवानगी नाही. मागच्या पावसाळ्यात माझी ऑन-कॉलची रात्र होती. तिकडे सर्व्हर पडला आणि नेमकं घरचं नेट गेलं. गच्चीच्या जिन्यात बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं पहाटेपर्यंत निभावलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, "त्यांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्या विंगमध्ये फायबर टाकलंय. आता दुसऱ्यांना कसं घुसू द्यायचं?" (क्लबहाउसचं कनेक्शन फुकट आहे, हे नंतर कळलं.)

राग आला, पण त्यांचं म्हणणं खोडताही येईना. ज्याने पैसा घातला, त्याने ती वायर स्पर्धकाला का वापरू द्यावी?

दिवाळीत गावी गेलो तेव्हा हाच प्रश्न आमच्या केबलवाल्या काकांना विचारला. मोठ्या कंपन्या गावाकडे बघतही नव्हत्या, तेव्हा त्यांनी कर्ज काढून घरोघरी नेट पोचवलं. माझे इंजिनिअरिंगचे फॉर्म त्यावरच भरले. काका म्हणाले, "खांबांवर मी लटकलो. आता गिऱ्हाईक तयार झाल्यावर त्यांनी माझ्याच वायरवरून यायचं? आणि वायर तुटली की रात्री फोन कुणाला येणार? मलाच ना?"

म्हणजे सोसायटीत मी ज्या बाजूने भांडत होतो, गावात त्याच्या उलट बाजूला माझं मन गेलं.

या गुंत्यात मला शेताच्या बांधाचा आधार वाटतो. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतो. त्याने जमिनीची मालकी बदलत नाही. सातबारा ज्याचा त्याचाच राहतो. बघायचं असतं ते एवढंच, की मागणाऱ्याला शेतात पोचायला या वाटेची खरोखर गरज आहे का. ज्याच्या शेताला दुसऱ्या बाजूने डांबरी रस्ता आहे, त्याने शेजाऱ्याचा बांध मागितला तर गावही त्याला हसेल.

तारांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे २००४ सालीच आला होता. तेव्हा घरात पोचणारी तांब्याची तार बहुतेक ठिकाणी बीएसएनएल किंवा एमटीएनएलची असायची, आणि ती सरकारी मक्तेदारीच्या काळात टाकलेली होती. ती इतर कंपन्यांना खुली करा, अशी शिफारस ट्रायने केली. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने मात्र सक्ती टाळली आणि आपसात ठरवा म्हणून सांगितलं. जिच्याकडे तार आहे ती कंपनी आपसात काय ठरवणार? २०१० पर्यंत २ कोटी जोडण्यांचं लक्ष्य होतं, झाल्या साधारण १.१ कोटी. (तेव्हा २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत!) दोष एकट्या या निर्णयाचा नाही, पण वाट अडलेली होती हे खरं. ब्रिटनमध्ये २००६ साली बीटीच्या तारांचा कारभार ओपनरीच नावाच्या वेगळ्या विभागाकडे दिला गेला, आणि त्याने बीटीलाही इतरांसारख्याच अटींवर सेवा द्यायची असं ठरलं.

अमेरिकेत उलटं झालं. १९९६ च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांवर जाळं वाटून घेण्याची सक्ती आणली, आणि २००५ मध्ये डीएसएलपुरती ती काढून टाकण्यात आली. कारण असं दिलं गेलं, की वाटूनच द्यायचं तर नवीन जाळं कोण टाकेल? हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. काकांचं कर्ज आठवलं की अजिबातच नाही.

पण "माझं ते माझं" हे कंपन्यांचं तत्त्व आहे, असं मात्र कुणी सांगू नये. भारती, व्होडाफोन आणि आयडिया या कट्टर स्पर्धकांनी २००७ साली मिळून इंडस टॉवर्स काढली. एकाच टॉवरवर तिघांचे अँटेना. खर्च वाचतो तिथे वाटून घेता येतं, म्हणजे नकार सोयीचा असतो.

म्हणून मला मालकीपेक्षा मागणाऱ्याची परिस्थिती महत्त्वाची वाटते. उद्या काकांना शेजारच्या वस्तीवर नेट न्यायचं असेल आणि तिथवर एकाच बड्या कंपनीचं फायबर जात असेल, तर त्या कंपनीने वाजवी भाडं घेऊन वाट द्यावी, आणि तसा कायदा असावा. तीच कंपनी काकांची वायर मागायला आली तर काकांनी खुशाल नाही म्हणावं. तिला स्वतःची टाकणं परवडतं. एकच नियम दोघांना सारखा लावणं दिसायला न्याय्य आहे, पण त्यात काका मरतील.

आणि आमच्या सोसायटीत तर फायबर वाटून घ्यायचा प्रश्नच नाही. फायबर कंपनीचं, ते तिचंच राहू दे. ते ज्या डक्टमधून गेलंय, तो डक्ट फ्लॅटच्या किमतीत आम्ही विकत घेतलाय. त्यात अजून चार वायरी सहज मावतील. मी झाकण उघडून बघितलंय.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. डक्ट सगळ्यांना खुला करण्याचा विषय मी लेखी दिला. सेक्रेटरींनी विचारलंय, नवीन वायर ओढताना जुनी तुटली तर जबाबदारी कुणाची? काकांचाच प्रश्न. उत्तराचा दुसरा मसुदा लिहून झालाय, तिसरा चालू आहे.